हिशोब आधी गावाला

परदेशी गेलेला आपल्याकडचा माणूस संस्थेला देणगी देताना फारसे प्रश्न विचारत नाही. मुली किती, भाडं किती, गेल्या वर्षीचे पैसे कुठं लागले, यातलं काही तो काढत नाही. ‘अक्का, खातं नंबर पाठवा की’ एवढंच म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पैसे जमा होतात. बिनसलं तरी तो भांडत नाही. पुढच्या वर्षी फोन उचलत नाही, ग्रुपवर नुसते जोडलेले हात टाकतो, गणपतीला गावी आला तरी इकडं फिरकत नाही. मग संस्थेतले लोक आपसांत म्हणतात, पैसा आला आणि माणूस गाव विसरला. मला हे कधीच पटलेलं नाही. गाव विसरलेला माणूस मुळात देणगीच देत नाही. ज्यानं एकदा दिली आणि मग हात आखडता घेतला, त्याच्या कानावर मधल्या काळात काहीतरी गेलेलं असतं.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मुलींचं एक छोटं वसतिगृह आणि त्याला लागून अभ्यासिका चालते. तिथले हिशोब मी बघते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या, जंगलाकडच्या वाड्यांवरच्या मुली इथं राहून शिकतात. मलप्रभा उगम पावते तो हा पट्टा. पावसाळ्यात ओढे भरले की बस येत नाही, आणि मुलीची शाळा एकदा बुडायला लागली की घरचे म्हणतात, राहू दे आता. ते ‘राहू दे’ थांबवायला हे वसतिगृह आहे. आमच्याकडं मोठ्या कंपनीचा निधी नाही. पुण्यात नोकरीला लागलेली पोरं, गोव्यात हॉटेलांत काम करणारी मंडळी, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले हवालदार-सुभेदार, मस्कत-दुबईतले इलेक्ट्रिशियन, आणि अमेरिका-इंग्लंडात स्थिरावलेली मोजकी घरं, यांच्या पैशांवर सगळं चालतं. त्यामुळं लांबच्या माणसाचा विश्वास कसा बसतो आणि कशानं उडतो, हा माझ्यासाठी दर महिन्याच्या किराण्याचा प्रश्न आहे.

मस्कतमध्ये राबणाऱ्या माणसाला आमचा लेखापरीक्षण अहवाल वाचायला सवड नसते. तो शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आईला फोन करतो आणि जेवलीस का, गुडघा कसा आहे, हे झालं की सहज विचारतो, ‘त्या पोरींच्या बोर्डिंगचं कसं काय चाललंय?’ आई जे सांगेल ते त्याच्या दृष्टीनं शेवटचं. आणि आईला कुठून कळतं? स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंकडून, पिठाच्या गिरणीत, किराणा दुकानात. आमच्याच भागातल्या एका संस्थेची इमारत देखणी होती, वेबसाइट होती, अहवाल गुळगुळीत कागदावर छापून निघायचा. पण दुकानदाराचं बिल महिनोन्‌महिने थकायचं आणि स्वयंपाकीणबाईंचा पगार दसऱ्याचा दिवाळीला व्हायचा. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. परदेशातले देणगीदार एकेक करून गळाले तेव्हा विश्वस्त चक्रावले. दुकानदाराला विचारलं असतं तर त्यानं कारण सांगितलं असतं.

म्हणून आमच्याकडं पैसे आले की आधी बाईंचा पगार, मग किराणा आणि दूध, आणि त्यानंतर बाकीचं. हे मी देणगीदारांना दाखवायला करत नाही, बाईंचा तो हक्कच आहे. पण दाखवायला न जाताही ते सातासमुद्रापार पोचतं, हेही तितकंच खरं. परदेशातल्या देणगीदारांचा विश्वास मिळवायचा तर त्यांच्यासाठी काय करावं, असं संस्था विचारतात. माझं म्हणणं असं, की आधी गावाचा मिळवा. ज्या संस्थेचा हिशोब गावाला माहीत नाही, तिनं लंडनला कितीही सुंदर फोटो पाठवले तरी ते फार दिवस पुरत नाहीत.

आमच्या थोरांना हे बरोबर कळलं होतं. गिरण्या जोरात होत्या तेव्हा डोंगराकडच्या गावांतली माणसं मुंबईला जायची. लालबाग-परळकडं गावकीच्या खोल्या असायच्या, पाळीनुसार आळीपाळीनं झोपायचं. प्रत्येक गावाचं मंडळ, महिन्याची वर्गणी ठरलेली. त्या वर्गणीतून गावाकडं देवळाचा सभामंडप झाला, शाळेची खोली झाली, तालमीवर पत्रे पडले. १९८२च्या संपानं ती दुनिया मोडली, पण तोवर मंडळाच्या पैशाबद्दल वाकडा शब्द कुणी ऐकला नव्हता. कारण यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी देवळासमोर हिशोब वाचला जायचा. मी लहानपणी तिथं बसलेली आहे. चिटणीस उभे राहून वही वाचायचे: तांदूळ एवढा, गूळ एवढा, मांडववाल्याला एवढे, वाजंत्र्यांना एवढे, शिल्लक एवढी. एका वर्षी मागून एक आजी म्हणाली, ‘नारळ किती उरले ते सांगा की.’ चिटणिसांनी वही मागंपुढं केली. नारळ लिहिलेच नव्हते. त्यांनी देवळाच्या खोलीत पोरगा पाठवला, पोत्यातले नारळ बाहेर काढून मोजले, आकडा वहीत लिहिला, शेजारी सही केली, आणि मग पुढचं वाचायला घेतलं. तेवढा वेळ सगळी सभा उन्हात बसून होती. कुणी आजीला गप्प बस म्हणालं नाही. संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला परतणाऱ्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं; पुढच्या वर्षीची वर्गणी मागताना चिटणिसांना वेगळं काही बोलावं लागलं नसणार.

आजचा देणारा त्या उन्हात येऊन बसू शकत नाही, एवढाच फरक आहे. म्हणून आम्ही मार्च संपला की वसतिगृहाच्या अंगणात हिशोबाचं वाचन ठेवतो. समोर गावातली माणसं, मुलींचे पालक, दुकानदार, निवृत्त फौजी. बाजूला स्टूलवर फोन, त्यावर आखातातली आणि पुण्याची मंडळी. प्रश्न आधी अंगणातल्यांनी विचारायचे, मग फोनवरच्यांनी. हा क्रम आम्ही मुद्दाम ठेवलाय. अंगणातला माणूस अवघड प्रश्न विचारतो, कारण गॅसची टाकी किती दिवस पुरते हे त्याला माहीत असतं. त्याला मिळालेलं उत्तर फोनवरचा माणूस ऐकतो, आणि त्याच्या मनातले निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

कागदांचीही एक अडचण आहे, ती बाहेरच्यांना पटकन लक्षात येत नाही. आमची नोंदणी कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खालची. निबंधक कार्यालयातली कागदपत्रं कन्नडमध्ये, सीएचा ताळेबंद इंग्रजीत, आणि देणारा मराठी. गाव सोडून वीस-पंचवीस वर्षं झालेल्या माणसाची कन्नड वाचायची सवय मोडलेली असते. त्याला शिक्का मारलेला कन्नड कागद पाठवला की तो ‘बरं’ म्हणतो आणि बाजूला ठेवतो. त्यामुळं मूळ कागदांबरोबर आम्ही मराठीत एक पान करतो: किती आले, कुणाकडून कुठल्या मार्गानं आले, कशावर गेले, किती उरले, आणि उरलेले कुठल्या बँकेत आहेत. जे पान परदेशी जातं तेच वसतिगृहाच्या फळ्यावर लागतं. दोन पानं वेगळी असली तर एक ना एक दिवस कुणीतरी फोटो काढून पाठवणारच.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात भली माणसं दुखावली जातात.

गावातले दोघे सख्खे भाऊ. थोरला मस्कतला इलेक्ट्रिशियन, धाकटा अमेरिकेत इंजिनिअर, तिथलं नागरिकत्व घेतलेला. दोघांनाही अभ्यासिकेला पैसे द्यायचे होते. थोरल्याचे पैसे आम्ही घेतले, धाकट्याचे घेतले नाहीत. परदेशी देणगीचा कायदा, म्हणजे २०१०चा एफसीआरए, पासपोर्ट बघतो. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेच्या नेहमीच्या मार्गानं पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, त्याचा पैसा परदेशी ठरतो. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाला मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. तो घ्यायचा तर संस्थेची एफसीआरए नोंदणी हवी. तिच्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, आणि मागच्या तीन वर्षांत आपल्या कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. नोंदणी असलेल्या एखाद्या मोठ्या संस्थेनं तो घेऊन आमच्यासारख्या छोट्या संस्थेकडं वळता करायचा, तर तेही त्या दुरुस्तीनं बंद झालं.

धाकट्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘अक्का, घाम माझाच की. दादाचे चालतात आणि माझे का चालत नाहीत?’ थोड्या वेळानं त्यानंच तोडगा काढला: ‘मी दादाच्या खात्यावर टाकतो, तो तुम्हाला देईल. घरातलेच आहेत पैसे.’ तसं करणाऱ्या संस्था आहेत, मला माहीत आहे. आम्ही नको म्हणालो. दादाचं नाव पुढं करून दुसऱ्याचा पैसा घेणं म्हणजे कायद्याला चुकवणं झालं, आणि उद्या चौकशी लागली तर त्यात दादाही सापडणार आणि मुलींचं वसतिगृहही. त्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं, त्या रकमेत अभ्यासिकेचं वर्षभराचं वीजबिल आणि पुस्तकं निघाली असती. पण ते ‘नको’ गावात पोचलं. त्याच्या आईनंच चार घरी सांगितलं, की पोरानं देऊ केलेले पैसे बोर्डिंगवाल्यांनी नियमात बसत नाहीत म्हणून घेतले नाहीत. त्यानंतर आखातातल्या आणखी काही जणांनी आपणहून पासपोर्टची प्रत पाठवली. आधी हीच मंडळी ‘पासपोर्ट कशाला हवाय तुम्हाला’ म्हणून कुरकुरायची. प्रत का लागते हे आता त्यांना पटलेलं आहे: पैसा देणारा भारतीय नागरिक आहे याचा पुरावा आमच्या फायलीत असावा, म्हणून.

पावतीचंही तेच. कुणी सुट्टीला आला की खिशातून नोटा काढून हातात ठेवतो, ‘पावती राहू दे अक्का’ म्हणतो. राहू द्यायची नाही. दोन हजारांवरची रोख देणगी प्राप्तिकरातल्या देणगीच्या सवलतीत बसत नाही, म्हणून आम्ही मोठी रक्कम बँकेतूनच मागतो. आणि रोख शंभर रुपये दिले तरी कार्बन घालून पावती फाडतो. त्याला सवलत नको असेल, परदेशातल्या अनेकांना तिचा उपयोगही नसतो. पण पावती त्याच्या आईच्या देव्हाऱ्यामागच्या डब्यात जाऊन पडते आणि तिथं वर्षानुवर्षं राहते.

मदत मागताना सीमाभागाचं दुःख पुढं करायचं नाही, असं आम्ही ठरवलेलं आहे, आणि त्यावरून आमच्यातच वाद झालेले आहेत. बेळगाव म्हटलं की बाहेरच्या मराठी माणसाचा गळा भरून येतो. १ नोव्हेंबर १९५६ला हा मराठी भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, तो दिवस इथं आजही काळा दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात केलेला २००४चा दावा अजून पडून आहे. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या ८६५ गावांसाठी काय काय होणार, याच्या घोषणा इथल्या तीन पिढ्यांनी ऐकल्या. हे दुःख खरं आहे, माझ्या घरात ते आहे. म्हणूनच त्याचा वापर मला सहन होत नाही. ‘मराठी वाचवा’ अशा हाकेला पैसे भराभर येतात, पण ‘मराठी वाचवण्या’चा हिशोब कुठल्या रकान्यात लिहायचा? पैसे भाषेच्या नावानं घ्यायचे आणि संडासाच्या दारांना लावायचे, तर दारं कितीही गरजेची असोत, देणाऱ्याला फसवलं गेल्यासारखं वाटणारच. त्यापेक्षा दारांसाठी पैसे हवेत असं सांगावं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा इथली साहित्य संमेलनं बघा. गाव राबतं, वर्गणी देतं, आणि मांडव, ग्रंथदिंडी, पाहुण्यांचं जेवण हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तिथं भाषेवरचं प्रेमही असतं आणि पैसा कुठं गेला तेही दिसतं.

याच्याशीच जोडलेला दुसरा पेच मला जास्त अवघड वाटतो. गाव सोडताना माणूस गावाचं एक चित्र बरोबर नेतो आणि त्याच्यासाठी गाव तिथंच थांबतं. त्याला वाटतं, मी शिकलो ती मराठी शाळा तशीच आहे, फक्त भिंतीला रंग हवाय. इथं शाळा तीच आहे, पण पालक मुलांना इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात घालतायत. नोकरी इथंच करायची तर कन्नड यावं लागतं, हे त्यांना कळतं. आमच्या वसतिगृहातही काही मुली कन्नड शाळेत जातात. काहींच्या घरची बोली कोकणी आहे. इंग्लंडमधल्या एका घरानं शाळेला दगडी कमान बांधून देतो म्हटलं. पासपोर्ट भारतीय, कायद्याची अडचण नव्हती. आम्ही अंगणातल्या बैठकीत विषय ठेवला, त्यांना फोनवर घेतलं. एक पालक उठून म्हणाला, ‘कमान होऊ दे साहेब, पण पावसात पोरीला शाळेपर्यंत आणणारी गाडी आधी हवी.’ बराच वेळ चर्चा झाली. त्या घरातल्या काकांनी शेवटी विचारलं, ‘तुमच्याकडं सगळ्या मराठी पोरीच ना?’ मी आहे ते सांगितलं: जंगलाकडच्या वाड्यांवरची जी येईल ती. त्यांना ते रुचलं नाही, आणि कमानीचाही विषय तिथंच थांबला. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या भाषेची शाळा टिकावी असं मलाही वाटतं आणि त्यासाठी वेगळं काही करायला हवं. पण त्यांचे पैसे गोड बोलून घेतले असते, आणि सुट्टीला आल्यावर त्यांनी अंगणात कन्नड पाढे म्हणणाऱ्या मुली ऐकल्या असत्या, तर? मग आमच्या फळ्यावरच्या पानाला काय किंमत उरली असती?

सत्काराबद्दल थोडं. देणगी आली की चौकात फ्लेक्स लावायची आपल्याकडं हौस फार. देणाऱ्याचा हसरा फोटो, खाली ‘दानशूर’. मी त्याच्या विरुद्ध आहे. फ्लेक्स लागला की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरासमोर उसनवारी मागणारे उभे राहतात. जमिनीच्या वाटणीत भावाभावांत आधीच कुरबुर असली तर भाऊ विचारतो, गावाला द्यायला आहेत आणि घराला नाहीत? हे सगळं झेलावं लागतं त्याच्या आईला, वहिनीला. तेव्हा नाव छापू का, कुठल्या रूपात छापू, रक्कम लिहू का, हे आधी विचारावं. पुष्कळजण म्हणतात, वडिलांचं नाव घाला. काहीजण म्हणतात, नकोच. हिशोबाच्या वहीत त्यांचं नाव पूर्ण असतं, फळ्यावरच्या पानात त्यांनी सांगितलं तसं.

वाईट बातमी लवकर कळवावी, हेही अनुभवानं पक्कं झालंय. देणगीतून घातलेले अभ्यासिकेचे पत्रे एका पावसाळ्यात वाऱ्यानं उचकटले. आम्ही त्याच आठवड्यात ग्रुपवर फोटो टाकला: पत्रे कधी घातले, कुणी घातले, हुक कुठं कमी पडले, दुरुस्तीला किती लागतील, आणि मिस्त्री त्यातला किती भार उचलायला तयार आहे. ग्रुपवर मागणी केली नव्हती. तरी मस्कतच्या एकानं, जो तिथं शेड उभारायच्या कामावर असतो, पत्र्याखाली पट्टी कशी मारायची याचा कागदावर काढलेला नकाशा पाठवला. मिस्त्रीनं तसं केलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या तेव्हाचंही आठवतं. मदतीचा ओघ एवढा होता, की जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले. त्या गडबडीत ज्या मंडळांनी ‘कपडे पुरे, आता वह्या आणि चादरी पाठवा’ असं स्पष्ट कळवलं, त्यांनाच लोकांनी पुढंही विचारलं.

त्या धाकट्या भावाचं सांगायचं राहिलं. पैसे घेता येत नाहीत, पण त्याच्या वेळेला कायद्याची आडकाठी नाही. तो आता रविवारी त्याच्या सकाळी, म्हणजे आमच्या संध्याकाळी, दहावीच्या मुलींना व्हिडिओवर गणित शिकवतो. पडद्यावर त्याला खोली दिसते. मागचा पंखा बंद दिसला की तो विचारतो, आणि मुली त्याला खरं ते सांगतात.

त्याच्या देणगीसाठी दुसरी एक वाट आहे: ठरावीक माणसाकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रकमेची पूर्वपरवानगी. आमचा तीन वर्षांचा खर्च १५ लाखांपर्यंत जात नाही, तेव्हा नोंदणीपेक्षा हीच वाट जवळची. तिच्यासाठी त्याचं लेखी वचनपत्र लागेल, दिल्लीच्या शाखेत खातं काढावं लागेल, पदाधिकाऱ्यांचे आधार द्यावे लागतील, आणि तेवढ्या एका रकमेचा हिशोब वेगळा ठेवून दर वर्षी केंद्राला पाठवावा लागेल. आमच्यातल्या दोघांना वाटतं, एवढ्या छोट्या संस्थेनं ही यातायात करू नये. मला वाटतं, करावी. दिवाळीनंतरच्या बैठकीत ते ठरेल. बैठकीची सूचना वसतिगृहाच्या फळ्यावर लागेल आणि त्याच दिवशी ग्रुपवरही जाईल.